पीएच.डी. मिळाली, पण सापडलं काय? गोवा विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू, विद्या परिषदेचे सदस्य आणि सर्व संशोधक प्राध्यापक,
गोवा विद्यापीठ, ताळगाव पठार.

सप्रेम नमस्कार.

दर थोड्या दिवसांनी सकाळच्या मराठी पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट येते. पासपोर्ट आकाराचा फोटो, खाली ठळक नाव आणि त्यापुढे ‘यांना पीएच.डी.’ मग मजकूर: अमुक विभागातून, अमुक प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली, अमुक विषयावर प्रबंध सादर केला. विषय इंग्रजीतलाच, फक्त देवनागरीत टाइप केलेला. ‘स्टडीज ऑन’पासून सुरू होऊन ‘विथ स्पेशल रेफरन्स टू गोवा’पर्यंत जाणारा, मध्ये दोन लॅटिन नावं, त्यांतलं एक हमखास चुकलेलं. त्यानंतर प्राथमिक शिक्षण कुठे झालं, आई-वडील कोण, सासर कुठलं, सध्या कुठे नोकरीला आणि सर्व थरांतून अभिनंदन कसं होत आहे. चौकट संपते. त्या माणसाने चार-पाच वर्षं खाडीत, रानात, प्रयोगशाळेत नाहीतर पुराभिलेखात घालवली, त्यातून सापडलं काय, यावर एक ओळही नसते.

वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. हातात येतं तेच तो छापतो, आणि हातात आलेल्या कागदावर एवढंच असतं. शिवाय हे काही एकट्या आपल्या विद्यापीठाचं नाही, सगळीकडे हीच रीत पडून गेली आहे. परिसंवादाच्या बातम्यांचीही तीच तऱ्हा. दोन दिवसांचा राष्ट्रीय परिसंवाद होतो. फोटोत पाच मान्यवरांचे हात एकाच मेणबत्तीला लागलेले असतात. पाहुण्यांचा परिचय कोणी करून दिला, पुष्पगुच्छ कोणी दिला, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं यथासांग. आणि बीजभाषण करायला दिल्लीहून नाहीतर हैदराबादहून आलेला माणूस काय बोलला? तर त्यांनी ‘मोलाचे मार्गदर्शन केले’. ते मार्गदर्शन सभागृहातल्या लोकांबरोबर घरी गेलं. कार्यक्रम झाल्याचा पुरावा नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत राहिला, म्हणजे कार्यक्रम पावला.

हे पत्र त्या न छापल्या गेलेल्या ओळींबद्दल आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त आहे. गोव्याबाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी, काही कोंकणी. पाचवीला मूल हायस्कुलात आलं की पुस्तक इंग्रजी. मग शिक्षक पुस्तकातलं वाक्य इंग्रजीत वाचतो, समजावतो कोंकणीत नाहीतर मराठीत, आणि वहीत पुन्हा इंग्रजी उतरवून देतो. गोव्यातल्या कितीतरी वर्गांत रोज हेच चालतं. मी नोकरीभर हेच केलं. त्यामुळे किचकट शास्त्र आपल्या भाषेत सांगताच येत नाही, असं कोणी मला समजवायला येऊ नये. अंकगणितात कच्च्या असलेल्या, जेवणानंतरच्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना आम्ही परासरण समजावलेलं आहे.

विद्यापीठाबद्दल मला ममत्व आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झालं. पुढे मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधनाचं केंद्र पणजीत आलं. १ जून १९८५ ला गोवा विद्यापीठ स्वतःच्या नावाने उभं राहिलं, तेव्हा गोवा अजून घटकराज्यसुद्धा झालं नव्हतं. ते झालं ३० मे १९८७ ला. म्हणजे आमच्या राज्याहून आमचं विद्यापीठ वयाने मोठं. चारशे सत्तावीस एकरांचं ते पठार, समोर जुवारीचं मुख, पलीकडे मुरगाव. घरातली पहिली पदवी या विद्यापीठाच्या शिक्क्याने आली, अशी कुटुंबं आमच्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत. पदवी देण्यापुरतं त्याचं काम संपत नाही, ही अपेक्षा त्या ममत्वातूनच येते.

आणि कामही थोडंथोडकं नाही. रायबंदरच्या मिठागरांत राहणारे मीठप्रिय सूक्ष्मजीव, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतल्या वनस्पतींच्या मुळांशी नांदणाऱ्या बुरशा, कांदळवनातला चिखल, नद्यांच्या मुखाशी साचणारा गाळ, खाजनं (नदीकाठची खारी शेतं), देवराया, कोमुनिदादींचा (गावांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांचा) इतिहास, लोकगीतं, धालो, जागर यांसारखे लोककलाप्रकार... चाळीस वर्षांत ताळगावच्या पठारावरून गोव्याचा कोपरा न् कोपरा तपासला गेला आहे. बुरशींचा स्वतंत्र संग्रह विद्यापीठाने जपला आहे. शेकडो प्रबंध झाले. त्यांतले बरेच ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात कोणालाही फुकट उघडता येतात, हेही खरं. पण तीनशे पानांची इंग्रजी पीडीएफ मोबाइलवर उघडून आगरवाड्यातला शेतकरी काय करील?

मिठागराचंच घ्या. आमच्या भागात शापोरा नदीच्या काठाला आगरवाड्याची मिठागरं आहेत. पावसाळा सरला की आगरात तुंबलेलं पाणी काढून टाकतात. तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, फळीने सारखा करतात. मग भरतीचं पाणी आधी मोठ्या कप्प्यात घेतात. उन्हाने ते दाटलं की पुढच्या कप्प्यात, अजून दाटलं की त्याच्या पुढच्या, असं करत करत शेवटच्या लहान चौकोनांत. तिथे एक वेळ अशी येते की पाण्याला गुलाबी, मग तांबूस झाक येते. मिठागरात जन्म काढलेला माणूस ती झाक बघून सांगतो, मीठ आता धरणार. बाहेरचा बघतो आणि म्हणतो, पाणी घाण झालं.

विज्ञान काय म्हणतं? इतक्या खाऱ्या पाण्यात बाकीचे जीव तग धरत नाहीत. तिथे वाढतात ते रंगद्रव्यं बाळगणारे सूक्ष्मजीव आणि एक सूक्ष्म शैवाल. तांबडा रंग त्यांचा. तो रंग ऊन जास्त शोषतो, पाणी जास्त तापतं आणि बाष्पीभवन वाढतं. थोडक्यात, तो तांबडेपणा मीठ पिकवायला हातभार लावतो. मिठागरातल्या माणसाचं निरीक्षण आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष एकमेकांना किती सुरेख येऊन भेटतात, बघा. पण ही भेट कागदावरच झाली. ज्याचं निरीक्षण होतं त्याला तिचा पत्ताच नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका मिठागरात दोन मुली पाण्याचे नमुने घ्यायला आल्या होत्या. कुठल्या संस्थेच्या, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि आता शोधूनही उपयोग नाही. तिथे काम करणारे आमचे एक काका त्यांच्याबरोबर भर उन्हात बांधाबांधाने फिरले. कुठल्या कप्प्यातलं पाणी आधी रंगतं, पुनवेच्या भरतीला काय होतं, अवकाळी पाऊस पडला तर किती दिवस मागे जावं लागतं, सगळं दाखवलं. मुली गुणी होत्या, त्यांनी वहीत लिहून घेतलं, बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, बर्फाच्या पेटीत भरल्या, जाताना पाया पडल्या. पुढची दोन-तीन वर्षं काका भेटले की मला विचारत, ‘मास्तर, त्या चेडवांना मिळालं काय शेवटी?’ पाणी चांगलं निघालं की वाईट, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढं सांगायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

कोणी म्हणेल, शोधनिबंधाच्या शेवटी स्थानिकांचे आभार मानलेले असतात. असतात ना. पण ते आभार ज्याचे मानायचे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, ते संपादकापर्यंत पोचतात.

खाजनांबद्दल तर विचारूच नका. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे असं मानलं जातं. नदीच्या भरतीच्या पातळीखाली असलेली ही शेती बांधाच्या आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, जोरावर टिकली. मी आठवीला दाब शिकवायचो तेव्हा मुलांना मानशीवर घेऊन जायचो. लाकडी झडपेच्या एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेताचं पाणी. भरती चढली की नदीचं पाणी झडपेला बाहेरून रेटतं आणि ती घट्ट मिटते. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी वरचढ होतं, तेच पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. मुलांना मी झडपेच्या फटीवर हात धरायला लावत असे. दाब म्हणजे काय ते तळव्याला कळतं. ओहोटीच्या त्या धारेला जाळं लावून शेवटे, काळुंदर, सुंगटं धरायचा हक्क लिलावात जातो, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी व्यवस्था. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात याच खाजनांतलं. जुने गोवे इथल्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने त्याच्यापासून निवड करून ‘गोवा धान’ नावाच्या जाती दिल्या, त्या शेतकऱ्याला नावानिशी माहीत आहेत, कारण बियाणं त्याच्या हातात आलं. जे हातात येतं ते माहीत होतं, इतका साधा हिशेब आहे.

विद्यापीठातून बियाणं येणार नाही, हे मला कळतं. तिथून येईल ते ज्ञान. बांध आधी कुठे खचतो, खेकडे कुठल्या मातीत जास्त भोकं पाडतात, मानशीजवळच्या पोंयीत (खोल डोहात) गाळ का साचतो, खारं पाणी एकदा आत आलं की माती निवळायला किती पावसाळे लागतात. यांतल्या एकेका प्रश्नावर कोणीतरी उत्तर शोधलेलं असेल, तर ते बांध सांभाळणाऱ्या कूळ संघटनेच्या सभेत पोचलं पाहिजे. बांधाच्या दुरुस्तीचे पैसे मग नेमक्या जागी लागतील.

आता जरा नाजूक विषय. मांडवी आणि जुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी (मालवाहू होड्या) दशकानुदशकं फिरल्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, हे सर्वांना ठाऊक आहे. नदीच्या तळाशी काय उरलं, हे मात्र विद्यापीठातल्या सागरी विज्ञानाच्या अभ्यासकांना जास्त ठाऊक. काठच्या चिखलातून उभा नळ घालून गाळाचा खांब बाहेर काढायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि कुठल्या थरात लोह किती, मँगनीज किती ते मोजायचं, असं काम तिथे वर्षानुवर्षं झालं आहे. नदीची ती रोजनिशीच म्हणा. पण त्याच चिखलात तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले वाढतात, आणि ते आमच्या ताटात येतात.

अशा अभ्यासाची बातमी सरळ वाटेने आली नाही की आडवाटेने येते. कोणीतरी इंग्रजी निबंधाचा सारांश वाचतो, त्यातलं एक वाक्य उचलतो, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ‘तिसऱ्यांत विष’ फिरू लागतं. दुसऱ्या दिवशी बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईचा माल पडून राहतो. तिने कोणाला विचारायचं? नमुने कुठल्या जागेचे, कुठल्या महिन्यातले, प्रमाण किती, धोक्याची पातळी किती, खावं की खाऊ नये, आणि खावं तर किती, ही पाच-सहा वाक्यं संशोधकाने स्वतः मराठीत नि कोंकणीत आधीच लिहून ठेवली असती तर अफवेचा निम्मा जोर तिथेच ओसरला असता. ‘लोक घाबरतील म्हणून आम्ही बोलत नाही’ असं संशोधक म्हणतात तेव्हा मला उलटच वाटतं. लोक घाबरतात ते अर्धवट कळतं म्हणून.

प्रा. माधव गाडगीळ आपल्याच विद्यापीठात डी. डी. कोसंबी अध्यासनाचे अभ्यागत संशोधन प्राध्यापक होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. हा अहवाल स्थानिक भाषांत आणा, ग्रामसभांपुढे ठेवा, लोकांना ठरवू द्या, हे त्यांनी कितीदा सांगितलं, लिहिलं. तसं झालं नाही. सत्तरी, सांगे, काणकोण भागांत अहवालाआधी अहवालाबद्दलच्या वावड्या पोचल्या: घर बांधता येणार नाही, काजूची झाडं तोडायला लावतील, गुरं चारता येणार नाहीत. आज अहवालाच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांतले फार थोडे तो अहवाल उघडून बसले असतील. मी बाजू कोणाची घेतो ते इथे महत्त्वाचं नाही. न वाचता भांडावं लागणं ही त्या गावांवरची शिक्षा होती.

आपल्याकडे याहून चांगली परंपरा आहे, आणि तिचा पुरावा विद्यापीठाच्याच ग्रंथालयात आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह तिथे जपून ठेवला आहे. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचा हा माणूस पोर्तुगीज दफ्तरखान्यातले कागद वाचण्यात आयुष्यभर बुडाला. त्यांचे पोर्तुगीजमधले निबंध लिस्बनच्या विद्वानांनी वाचले. पण पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आला, पुणे विद्यापीठाने तो १९६७ मध्ये छापला. धर्मानंद कोसंबींचं गाव सांकवाळ विद्यापीठाच्या पठारासमोर, जुवारीच्या पलीकडच्या काठाला. ते पाली ग्रंथाच्या संपादनासाठी थेट हार्वर्डला गेले, आणि बुद्धाचं चरित्र लिहायला बसले तेव्हा मराठीत लिहिलं, तेही असं की सातवी शिकलेल्या माणसालाही वाचता यावं. या दोघांपैकी कोणालाही असं वाटलं नाही की घरच्या भाषेत लिहिल्याने विद्वत्ता कमी होते.

तेव्हा मागणं एवढंच. गोव्यातल्या जमिनीवर, पाण्यावर, माणसांवर, भाषांवर झालेल्या प्रत्येक प्रबंधाबरोबर एक पान द्यावं, मराठीत आणि कोंकणीत. प्रबंधाच्या सुरुवातीला असतो त्या सारांशाचा अनुवाद नको. तो सारांश परीक्षकासाठी असतो. हे पान ज्या गावातून नमुने, मुलाखती किंवा गाणी घेतली त्या गावासाठी असावं. आम्ही तुमच्याकडे आलो होतो, हे विचारलं होतं, हे सापडलं, हे अजून कळलेलं नाही, आणि तुमच्या उपयोगाचं यात असं असं आहे. काहीच उपयोगाचं नसेल तर तसंही लिहावं. सगळ्या संशोधनाने शेतात नाहीतर बाजारात कामाला आलंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. एखाद्या कोळ्याची नवी जात आमच्या रानात सापडली, तर तिचा उपयोग काय हे न विचारताही आमच्या मुलांना आनंदच होईल. पण तिचं नाव पेपरात लॅटिनमध्ये येण्याआधी ती कुठल्या झाडावर बसली होती ते कळू दे. हे पान जमा झाल्याशिवाय तोंडी परीक्षेची तारीख देऊ नये, एवढा एकच नियम विद्या परिषदेने केला तरी वर्षाच्या आत फरक दिसेल. नियम केल्याशिवाय मात्र काही होणार नाही. स्वखुशीवर सोडलेली कामं आपल्याकडे कशी होतात, ते आपण सगळे जाणतो.

ते पान जावं कुठे, याचीही सोय तयार आहे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतींना जैवविविधता समित्या व लोकांच्या नोंदवह्या करायच्या असतात. त्या नोंदवहीत गावाने स्वतः सांगितलेली झाडं, मासे, बियाणी लिहिलेली असतात. विद्यापीठाचं पान त्याच वहीला जोडलं तर गावाचं सांगणं आणि संशोधकाचं सांगणं एका जागी येईल. एक प्रत शाळेत, एक पंचायतीत, एक गावच्या वाचनालयात. खर्च झेरॉक्सचा.

लिहिणार कोण, असा प्रश्न विज्ञानाच्या विभागांतून येईल. विद्यापीठात शणै गोंयबाब यांच्या नावाची भाषा आणि साहित्याची महाशाळा आहे. तिथे मराठीचा आणि कोंकणीचा विभाग एकाच छपराखाली आहे. तिथल्या एम. ए.च्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राच्या संशोधकासमोर बसवा. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं तो विद्यार्थी जितक्यांदा म्हणेल तितकं पान चांगलं होईल. त्याच्या त्या कामाला श्रेयांक द्या. बाहेर पडून तो पत्रकार झाला तर ‘मोलाचे मार्गदर्शन’ लिहून मोकळा होणार नाही.

मराठी की कोंकणी, या वादाची चूल मला इथे पेटवायची नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामात मराठीचाही वापर मान्य आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीत मराठी पेपर घरोघर जातो, काणकोणातही जातो. सासष्टीत ते पान रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत निघालं तर मला आनंदच वाटेल. तिथली कोळीण देवनागरी वाचत नाही म्हणून तिसऱ्यांबद्दल तिला कळू नये, असं कोण म्हणेल? या बाबतीत दोन्ही बाजूंच्या भाषाप्रेमींनी जरा दमाने घ्यावं, अशी माझी हात जोडून विनंती. फलक कुठल्या भाषेत हवा यावर आपण जितकं भांडलो, त्याच्या दशांश वेळ फलकावर लिहायचं काय यावर दिला असता तरी पुष्कळ होतं.

कार्यक्रमांचं थोडक्यात सांगतो. अभ्यागत संशोधन प्राध्यापकांची जी अध्यासनं विद्यापीठाने सुरू केली, डी. डी. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारिओ मिरांडा, भाऊसाहेब बांदोडकर, सोहिरोबानाथ आंबिये, ती सगळी नावं गोव्याला घरची आहेत. त्यांतली व्याख्यानं सर्वांना खुली ठेवण्याची पद्धत ही फार चांगली गोष्ट आहे आणि त्याबद्दल विद्यापीठाचं मनापासून कौतुक. पण खुलं असणं आणि पोचता येणं यांत अंतर असतं. पेडण्याहून ताळगाव पठार म्हणजे पणजीला उतरून पुन्हा दुसरी बस. संध्याकाळचं व्याख्यान संपेपर्यंत आमच्याकडे यायची शेवटची बस निघून गेलेली असते. आमच्या तालुक्यातल्या मोपा विमानतळावर विमान रात्री उतरतं, पण मोपा गावातल्या मुलाला रात्री व्याख्यानाहून परत यायला वाहन नाही, ही गंमत म्हणून सोडून देऊ. यावर उपाय अवघड नाही. आठवडाभर आधी मराठी-कोंकणी पेपरांत विषयासकट सूचना द्यावी, वर्षातून काही व्याख्यानं शनिवारी दुपारी पेडणे, डिचोली, वाळपई, केपे, काणकोण इथल्या महाविद्यालयांत ठेवावीत, आणि झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा पाहुण्यांच्या पुष्पगुच्छाच्या फोटोऐवजी पेपरला पाठवावा. निदान फोटोबरोबर तरी.

प्राध्यापकांच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. बढतीच्या हिशेबात शोधनिबंधाला वजन आहे, ग्रामसभेत घालवलेल्या रविवारला फारसं नाही. शिकवणं, परीक्षा, पेपर तपासणं, नॅक, प्रकल्पांचे हिशेब, त्यात आता हे नवं लचांड, असं कोणाच्याही मनात येईल. काहींचं काम अजून छापून यायचं असतं, काहींचं पेटंटच्या वाटेवर असतं, ते आधी बोलू शकत नाहीत; त्यांनी छापून आल्यावर बोलावं, आम्हांला घाई नाही. काही मंडळी मात्र सरळ म्हणतात की सोपं करून सांगितलं की चुकीचं होतं. त्यांना मी नम्रपणे एवढंच म्हणेन, की माझ्या वर्गात येऊन बसा. सोपं सांगताना चूक होते ती सांगणाऱ्याला स्वतःला नीट कळलेलं नसतं तेव्हा. आणि संशोधकांत आता बहुसंख्य मुलं-मुली आमच्याच मराठी-कोंकणी शाळांतून आलेली आहेत. चार वर्षं रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत काय करत होतीस, हे आईला सांगता आलं तर त्यांनाही ते हवंच असेल.

आमच्या बाजूने काय करता येईल तेही लिहितो, नुसतं मागणं बरं नव्हे. आमच्या तालुक्यातली तीन-चार हायस्कुलं आणि दोन वाचनालयं या पानांसाठी भिंतीवर जागा द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. निवृत्त विज्ञान शिक्षकांचा आमचा एक छोटा गट मसुदे वाचून कुठे अडतं ते खुणा करून परत पाठवील, मानधन नको. एखाद्या संशोधकाला ग्रामसभेत बोलायचं असेल तर आधी पंचायतीच्या सचिवाला पत्र द्यावं लागतं आणि विषयपत्रिकेत नाव घालावं लागतं. ते आम्ही करून देऊ. फक्त एक सूचना: रस्ता आणि पाणी या विषयांच्या आधी वेळ मागून घ्या, नंतर कोणी थांबत नाही.

मिठागराचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो आणि पाणी रंगायला लागतं ते त्यानंतर, उन्हं तापू लागल्यावर. सूक्ष्मजीवशास्त्राचा कोणी अभ्यासक त्या दिवसांत दोन तास काढणार असेल तर दोन शाळांची नववीची मुलं बांधावर आणायचं काम माझं. काकांना मी कळवून ठेवीन. या पत्राची सही केलेली प्रत कुलसचिवांच्या कार्यालयात स्वतंत्रपणे देत आहे, माझा फोन नंबर तिच्यावर आहे. सकाळी अकरानंतर करावा, त्याआधी मी वाचनालयात असतो.

आपला,
पेडणे तालुक्यातला एक निवृत्त विज्ञान शिक्षक